परिचर्येचे ज्ञान आणि परवान्याची परीक्षा: भिलाईच्या संदर्भात एक प्रस्तावना

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाजवळ डॉक्टर दिवसातून काही मिनिटे असतात, परिचारिका मात्र तिन्ही पाळ्या मिळून चोवीस तास असते, आणि म्हणून रुग्णाच्या प्रकृतीत पडणारा फरक सर्वप्रथम तिच्याच नजरेस पडतो किंवा तिच्याच नजरेतून निसटतो. त्या फरकाचा अर्थ लावण्यासाठी, तो किती तातडीचा आहे हे ठरवण्यासाठी आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत काय करावे व काय मुळीच करू नये हे उमगण्यासाठी जे ज्ञान लागते, ते म्हणजे रुग्णशय्येजवळचे परिचर्याज्ञान होय. शरीररचना, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय त्याच्या मुळाशी असले, तरी त्यांची बेरीज केली म्हणजे ते हाती येते असे नाही. नाडी मिनिटाला १२० आहे ही माहिती झाली. तीन तासांपूर्वी ती ८८ होती, मधल्या काळात लघवी जवळजवळ झालेली नाही आणि रुग्ण अकारण अस्वस्थ आहे, तेव्हा आत कोठेतरी रक्तस्राव होत असावा, हे अनुमान म्हणजे ज्ञान. परिचर्येची परीक्षा, मग ती विद्यापीठाची असो, नोकरभरतीची असो वा परदेशातील परवान्याची, या दुसऱ्या गोष्टीची असायला हवी, आणि तिची तयारीही त्याच दृष्टीने व्हायला हवी, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे. (येथे परिचारिका म्हणताना पुरुष परिचारकही अभिप्रेत आहेत.)

हे प्रतिपादन भिलाईच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. सोव्हिएत सहकार्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार ज्या मध्य प्रदेशातून चालत होता त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर ती भोपाळला गेली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाल्यावर रायपूरला आली. राजधान्या बदलल्या, पण नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई या लोहमार्गावरील मराठी कुटुंबांची ये-जा थांबली नाही, आणि या भागातील मराठी घरांतल्या मुली आजही एका राज्यात शिकून दुसऱ्या राज्यात नोकरी धरतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत वाढली, वसाहतीबरोबर सेक्टर-९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय वाढले, आणि भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांसाठी त्याचे नाव झाले. ज्या गावात वितळलेले लोखंड आणि भट्टीचा वायू हे रोजच्या कामाचे भाग आहेत, त्या गावातील परिचारिकेचे ज्ञान कोणत्या कसोटीला लागते हे तपशिलात पाहण्यासारखे आहे.

झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत साधारणपणे पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो श्वासात गेला तर रक्तातील हिमोग्लोबिनला, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या द्रव्याला, प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात पाण्याचा दाब कोसळल्याने हा वायू जलवाहिनीच्या मार्गाने बाहेर आला आणि दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा त्यात मृत्यू झाला. अशा प्रसंगी रुग्ण अपघात विभागात येतो तेव्हा परिचारिका सवयीने त्याच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावते, आणि येथेच धोका दडलेला असतो. हे यंत्र बोटातून दोन तरंगलांबींचा प्रकाश पाठवून रक्त किती प्राणवायूयुक्त आहे याचा अंदाज बांधते, परंतु कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला भेद त्याला कळत नाही, त्यामुळे पडद्यावर ९८ किंवा ९९ असा निर्धोक आकडा झळकत असताना आतल्या पेशी प्राणवायूविना मरत असतात. ज्या विद्यार्थिनीने आकडा ९५ च्या वर असेल तर ठीक एवढेच पाठ केले आहे ती हा रुग्ण रांगेत मागे ठेवील. जिला यंत्र कशाचे मोजमाप करते हे माहीत आहे ती डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण आणि एकाच ठिकाणाहून एकाच वेळी आलेले अनेक रुग्ण या खुणा जुळवून यंत्रावर अविश्वास दाखवील, घट्ट बसणाऱ्या मास्कने, पिशवीसह, जास्तीत जास्त प्राणवायू लगेच सुरू करील आणि रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन, मोजण्याविषयी डॉक्टरांना आठवण करून देईल. साध्या हवेत या विषारी संयुगाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात, तर शुद्ध प्राणवायूवर सुमारे तासा-दीड तासात ते निम्मे होते. आकड्याच्या भरवशावर घालवलेल्या वेळेची किंमत या दोन मुदतींतल्या अंतरावरून समजते.

भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत हेच तत्त्व गणिताच्या रूपाने समोर येते. मोठ्या प्रमाणावर भाजल्यावर रक्तवाहिन्यांतील द्रव आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपून जातो आणि रुग्ण पहिल्याच दिवशी द्रवाच्या कमतरतेने खचू शकतो, म्हणून रिंगर लॅक्टेट हे क्षारद्रव शिरेतून द्यावे लागते. त्याचा अंदाज बांधण्याचे पार्कलंड सूत्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते: ४ मिलिलिटर गुणिले किलोमधील वजन गुणिले भाजलेल्या त्वचेची टक्केवारी. साठ किलो वजनाचा कामगार तीस टक्के भाजला असेल तर चोवीस तासांसाठी ७२०० मिलिलिटर, आणि त्यातील निम्मे, म्हणजे ३६०० मिलिलिटर, पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे असतात, दाखल केल्यापासून नव्हे, आणि परीक्षेत जसे येथे गुण जातात तसेच वॉर्डात येथे रुग्ण मागे पडतो. तो दोन तास उशिरा पोहोचला असेल तर उरलेल्या सहा तासांत तासाला ६०० मिलिलिटर द्यावे लागतील. एका मिलिलिटरला वीस थेंब पाडणाऱ्या सलाईनच्या संचातून त्याचे मिनिटाला दोनशे थेंब होतात, जे कोणाच्याही डोळ्यांना मोजता येणार नाहीत, तेव्हा दोन शिरा धरणे किंवा पंप मागवणे हा गणिताने दिलेलाच आदेश समजावा. अलीकडच्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी साध्या ज्वालेच्या भाजण्यात ४ ऐवजी २ मिलिलिटरपासून सुरुवात करण्याकडे कल आहे, आणि यावरूनही हेच दिसते की सूत्र हा केवळ प्रारंभ आहे. द्रव पुरेसा पोहोचतो आहे की नाही हे तासागणिक मोजलेली लघवी सांगते, जी प्रौढ रुग्णात किलोमागे सुमारे अर्धा मिलिलिटर, म्हणजे या कामगाराच्या बाबतीत तीस मिलिलिटर असावी. पंधरा झाली तर कळवणे आणि शंभर झाली तरीही कळवणे, कारण अतिरिक्त द्रव फुप्फुसांत साचतो, ही जबाबदारी परिचारिकेची आहे. इनटेक-आउटपुटचा तक्ता पाळी संपताना अंदाजाने भरण्याची जी प्रथा काही ठिकाणी पडली आहे, ती या दृष्टीने केवळ कागदी हयगय राहत नाही.

आता परवान्याकडे वळता येईल. भारतात परिचर्येची पात्रता ठरवण्यासाठी १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा दीर्घकाळ आधारभूत राहिला, आणि त्याची जागा घेण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संमत केला. व्यवहारात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेली विद्यार्थिनी राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवते आणि ती नोंदणी हाच तिचा परवाना ठरतो. रायपूरला नोंदणी असलेल्या परिचारिकेला नागपुरात काम करायचे तर महाराष्ट्राच्या परिषदेकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. परवान्यासाठी स्वतंत्र परीक्षा देण्याची वेळ मुख्यतः परदेशी जाणाऱ्यांवर येते, आणि त्यांत अमेरिकेची एनक्लेक्स ही सर्वांत परिचित. तिच्यात संगणक उमेदवाराच्या प्रत्येक उत्तरानंतर पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी बदलतो. उमेदवाराची पातळी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी पुरेशी सांख्यिकीय खात्री झाली की परीक्षा थांबते, त्यामुळे कोणाला ८५ प्रश्न सोडवावे लागतात तर कोणाला १५०. देशात एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी २०२० पासून नॉरसेट ही सामाईक परीक्षा होऊ लागली आणि भिलाई-दुर्गच्या विद्यार्थिनींना, रायपूरला एम्स असल्याने, ती जवळची वाटते.

एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सच्या स्वरूपात जो बदल झाला तो या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका रुग्णाची हकीकत, नोंदी, तपासण्यांचे निकाल आणि डॉक्टरांचे आदेश समोर ठेवून क्रमाने विचारले जाते की यातील लक्षणीय खुणा कोणत्या, त्यांचा परस्परसंबंध काय, कोणती शक्यता आधी विचारात घ्यावी, कोणते उपाय संभवतात, त्यांतला कोणता लगेच करावा आणि तो लागू पडला हे कशावरून ओळखावे. ही सहा पावले चांगली इंचार्ज सिस्टर वॉर्डाची फेरी घेताना मनातल्या मनात टाकतच असते. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जावे, हा या परीक्षांमधला नेहमीचा प्रश्न त्याच जातीचा आहे. शस्त्रक्रियेनंतर वेदनेने ओरडणारा रुग्ण, ताप आलेला मुलगा, साखर १८० आलेला मधुमेही आणि शांत पडून असलेली, पण पंधरा मिनिटांत पॅड पूर्ण भिजलेली बाळंतीण, यांत आधी बाळंतिणीकडे जायचे असते, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवाज न करता जीव घेतो. जिने उत्तरसूचीतून केवळ बरोबर पर्यायाचे अक्षर लक्षात ठेवले आहे, तिला रुग्ण बदलताच उत्तर सापडत नाही. भिलाई, रायपूर, नागपूर येथील शिकवणी वर्गांत प्रश्नसंच घोटवून घेण्यावर जो भर दिसतो त्याविषयी म्हणूनच चिंता वाटते.

परंतु परीक्षेच्या पुस्तकांची दुसरीही एक मर्यादा आहे आणि ती अधिक धोकादायक आहे: ती दुसऱ्या देशातील वॉर्ड गृहीत धरतात. इन्सुलिनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. अमेरिकी पुस्तकात नेहमीच्या वापरातले इन्सुलिन एका मिलिलिटरला १०० युनिट या शक्तीचे असते आणि सिरिंजही त्याच मापाची. भारतात मात्र कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनमधील १०० युनिटचे; सिरिंजही दोन मापांच्या मिळतात, ४० च्या मापाची लाल टोपीची आणि १०० च्या मापाची नारिंगी टोपीची. डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले असताना ४० च्या कुपीतील औषध नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले तर रुग्णाला प्रत्यक्षात ८ युनिट मिळतात आणि साखर का उतरत नाही याचा शोध भलतीकडे सुरू होतो. उलट १०० शक्तीचे औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसपर्यंत भरले तर ५० युनिट टोचले जातात, आणि रात्री साडेनऊला दिलेल्या त्या सुईचा परिणाम पहाटे घामाघूम, बेशुद्ध रुग्णाच्या रूपाने दिसतो. कुपीवरचे लेबल, सिरिंजवरचे माप आणि केसपेपरवरचा आदेश या तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहणे, आणि इन्सुलिनसारख्या औषधाची भरलेली मात्रा दुसऱ्या परिचारिकेला दाखवणे, हा येथील सुरक्षिततेचा अनिवार्य भाग आहे. पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलिलिटरच्या ॲम्प्यूलबाबतही असाच कडक नियम लागतो. त्यात वीस मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते, ते विरळ न करता शिरेत सरळ टोचले तर हृदय थांबते, आणि म्हणून ते सामान्य औषधांच्या ट्रेमध्ये निर्जंतुक पाण्याच्या ॲम्प्यूलशेजारी ठेवता कामा नये.

पुस्तकाचा वॉर्ड आणि समोरचा वॉर्ड यांतले हे अंतर सिकलसेलच्या बाबतीत उलट दिशेने दिसते. परदेशी पुस्तकांत हा विकार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या संदर्भात येतो आणि विद्यार्थिनी तो दूरचा समजून पुढे सरकते, वस्तुतः छत्तीसगड आणि त्याला लागून असलेला गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा विदर्भाचा पट्टा या आनुवंशिक विकाराचे भारतातील एक मुख्य क्षेत्र आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य वेदना उठतात. या रुग्णाला ऊब, द्रव आणि वेळेवर वेदनाशामक लागते; दुखणाऱ्या सांध्यावर बर्फ ठेवणे घातक, कारण थंडीने वाहिन्या आणखी आकुंचन पावतात. त्याला ताप, खोकला व छातीत दुखू लागले आणि प्राणवायूची पातळी उतरू लागली तर ती नवी गुंतागुंत समजून तात्काळ कळवावे लागते. वारंवार वेदनाशामक मागणाऱ्या तरुणाला व्यसनी ठरवण्याची चूक सर्वत्र होते आणि ती अज्ञानातून होते. वेदना रुग्ण सांगतो तितकी असते, हे परिचर्येचे तत्त्व या आजारात अक्षरशः पाळले पाहिजे.

व्यक्तीचे ज्ञान व्यवस्थेवाचून किती अपुरे पडते, याचा धडाही छत्तीसगडनेच दिला आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढच्या काही दिवसांत त्यांपैकी तेरा जणी दगावल्या. कारण जंतुसंसर्ग की दूषित गोळ्या यावर बराच वाद झाला, परंतु परिचर्येच्या दृष्टीने त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे की इतक्या वेगात उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाला, म्हणजे त्यांवरील सर्व जंतू व बीजाणू नष्ट करण्याला लागणारा वेळ कोठून मिळणार आणि शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकीची नाडी व रक्तदाब कोण पाहणार. येथे थांबले पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार परिचारिकेला असला पाहिजे, आणि तसे म्हणणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी संस्थेने उभे राहिले पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. जेथे एकटीच्या वाट्याला रात्री तीस-चाळीस खाटा येतात, तेथे चुकीचा दोष तिच्या अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे आहे.

शिवाय परिचर्येचे काही ज्ञान असे आहे की त्यावर परीक्षेत एखाद-दुसराच प्रश्न येतो. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाद्वारे रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले, तेव्हा रुग्णाचे अंग पुसणे, कूस बदलणे ही कामे हलकी मानली जात होती. त्याच कामांचे मोल मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवून दिले: तेथील परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानभाग यांची १९७३ पासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत शुश्रूषा केली, आणि इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर शय्याव्रण होऊ न दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांचा गौरव केला. शय्याव्रण म्हणजे हाडाच्या उंचवट्यावर सतत दाब पडून रक्तपुरवठा तुटल्याने होणारी जखम. ती टाळण्यासाठी ठरलेल्या वेळी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, आहारात प्रथिने पुरवणे आणि माकडहाड व टाचा रोज डोळ्यांनी पाहणे हे चार दशके एकही पाळी न चुकवता करावे लागले. यात कौशल्य नाही असे मानणाऱ्याने ते एक महिना करून पाहावे.

उरला भाषेचा प्रश्न, आणि तो भिलाईत टाळता येत नाही. परीक्षा इंग्रजीत होते, पाळी बदलतानाची माहिती, म्हणजे ओव्हर, हिंदीत दिली जाते, रुग्ण छत्तीसगढी बोलतो आणि शिकणारी मुलगी घरी मराठीत विचार करते. मराठीत विषय समजून घेणे ही तिची उणीव समजण्याचे कारण नाही, उलट कारण आणि परिणाम यांची साखळी मनाच्या भाषेत एकदा पक्की झाली की इंग्रजी संज्ञा तिच्यावर बसवणे सोपे जाते. मात्र औषधांची नावे, मात्रा आणि एकके यांचे रूप इंग्रजीतच जसेच्या तसे लक्षात असले पाहिजे, त्यांत भाषांतराला जागा नाही. पाळी बदलताना रुग्णाची सद्यस्थिती, त्यामागची हकीकत, स्वतःचे अनुमान आणि पुढे काय व्हायला हवे ही चार अंगे ठरलेल्या क्रमाने सांगण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे ती यासाठीच, की बोलणारी व ऐकणारी यांची भाषा वेगळी असली तरी काही सुटू नये. आणि पाटण किंवा धमधा तालुक्यातल्या वृद्धेला इन्सुलिन देऊन घरी पाठवताना तिच्या बोलीत समजावून सांगितल्यावर तिला, किंवा तिच्या सुनेला, समोर बसवून त्याच कुपीतून, त्याच टोपीच्या सिरिंजने मात्रा भरून दाखवायला सांगणे आणि चुकल्यास पुन्हा भरायला लावणे हा उपचाराचाच भाग आहे. त्याला लागणारी दहा मिनिटे पाळीच्या कामात धरलेली असली पाहिजेत.